साइट कोणाच्या नावावर

१४ ऑगस्ट २००६, सोमवार

ही डायरी बिल्डरने वाटलेली. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘बेलवलीत तुमच्या हक्काचं घर’ असं छापलंय. ज्या जमिनीवर ते हक्काचं घर उभं आहे ती आमची होती, त्यामुळे डायरी फुकट मिळाली असं म्हणायला जीभ वळत नाही. आठ महिने कोरी पडून होती. आजपासून लिहितो, कारण आज आमचा सर्व्हर चालू झाला.

आमचा म्हणजे माझा आणि सम्यकचा. सम्यक कॉलेजपासूनचा दोस्त, अंबरनाथचा. डोकं त्याचं, जागा आणि मशीन माझं. उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात जीन्सच्या कारखान्यावरची खोली आहे. शेजारीच केबल-इंटरनेटवाला बसतो, त्याच्याकडून तार ओढून घेतली. नावावर उरलेला जमिनीचा शेवटचा तुकडा विकून बाबांनी मला हे करून दिलं. धंदा निम्मा-निम्मा, लिहिलेलं काही नाही. सम्यक म्हणाला होता, “साधा कागद तरी करूया.” मीच म्हटलं, दोस्तीत कागद कशाला.

काम जीन्सवाल्यांच्या मंडळाचं. त्यांच्या प्रत्येक डिझाइनचा फोटो साइटवर टाकायचा, मग इंदूर-सुरतचे व्यापारी तिथे बसून माल पसंत करणार. मंडळाचे अध्यक्ष हासानंदशेठ म्हणालेत, दिवाळीचा सीझन नीट गेला तर पुढेही काम तुमचंच. नाही गेला तर मला रोहिदासच्या ऑफिसात बसावं लागेल. रोहिदास माझा चुलतभाऊ, जमिनीची दलाली करतो. त्याच्याच बापाने माझ्या बापाला सातबाऱ्यावरून उडवला. बाबा कामावर, काका तलाठ्याकडे. एवढ्यात काम झालं. त्या घरात नोकरी करण्यापेक्षा मी रिक्षा चालवीन, हे गावात चार जणांसमोर बोलून बसलोय.

सम्यकने आज साइट कुठे राहते ते दाखवलं. व्हार नावाचं फोल्डर, त्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, त्यात एचटीएमएल. कोणी पत्ता टाकला की सर्व्हर तिथे जाऊन बघतो. मी विचारलं, हे कोणी ठरवलं? म्हणाला, “बनवणाऱ्यांनी. पाहिजे तर बदलता येतं. पण नवीन माणूस आला तर तो पहिला इथेच बघणार.” मला हे आवडलं. वस्तू आपल्या जागेवर असावी.

२८ ऑगस्ट, सोमवार

काल गणपती बसले. सम्यक घरी आला होता. पाया पडला नाही, बाजूला हात बांधून उभा राहिला. मोदक मात्र पाच खाल्ले, आई खूश. तिने त्याला काचेच्या कपात चहा दिला, आम्हाला स्टीलच्या पेल्यांत. पाहुण्याला चांगलं भांडं द्यायची तिची रीत आहे. तो कप ती मोरीवरच्या फळीवर वेगळा ठेवते, फुटू नये म्हणून. आमच्या घरात कधी असलं काही नव्हतं. सम्यकला विचारा.

तो गेल्यावर बाबा म्हणाले, “पोरगा चांगला हाय. पन ती लोका कागदात हुशार. तू जपून.” मी म्हटलं, बाबा, तुम्हाला कागदात फसवलं ते सख्ख्या भावाने. ते उठून समईत तेल घालायला गेले. बोललो ते बरोबरच होतं, पण मग आरतीला मी मागेच उभा राहिलो.

११ सप्टेंबर, सोमवार

हासानंदशेठचा फोन चालू असताना सम्यक मध्ये मध्ये बोलत होता. डिस्क भरली म्हणे. मशीन बसवताना व्हारच्या वाट्याला जागा थोडी आली आणि होम नावाच्या दुसऱ्या फोल्डराच्या वाट्याला भरपूर, म्हणून फोटो सगळे होममध्ये हलवले आणि जुन्या जागी फक्त चिठ्ठी ठेवली. दुकान हलवल्यावर जुन्या शटरवर कागद चिकटवतात, ‘दुकान मागच्या गल्लीत गेले आहे’, तशी. सर्व्हर चिठ्ठी वाचतो आणि मागच्या गल्लीत जातो.

“लिहून ठेव कुठेतरी,” म्हणाला. मी मान हलवली. शेठ तिकडे विचारत होते की निळ्या पॅन्टी हिरव्या का दिसतात. तेव्हा लिहिलं नव्हतं, आता लिहिलं. झालं.

२३ सप्टेंबर, शनिवार

मंडळाच्या मीटिंगला गेलो. एकशे चाळीस कारखान्यांचा माल साइटवर आहे, इंदूरहून ऑर्डरी यायला लागल्या. हासानंदशेठ सगळ्यांसमोर म्हणाले, “साईं, वो कम्प्यूटरवाला लड़का बहुत होशियार है. क्या नाम उसका, सम्यक.” माझ्याकडे बघून म्हणाले, “और ये उसके साथ है.”

उसके साथ! खोली माझी, मशीन माझं, भर उन्हात गल्लोगल्ली फिरून कारखानेवाल्यांना पटवलं मी, आणि मी त्याच्या साथ. सम्यक लगेच म्हणाला, “शेठ, मालिक तो ये है.” ते आणखी लागलं. मालक आहे हे दुसऱ्याने सांगावं लागतं तो कसला मालक.

परत आल्यावर दर शनिवारसारखा त्याने साइटवरचं सगळं सीडींवर उतरवलं आणि सीडी बॅगेत घालून घरी नेल्या. इतके दिवस मी हे बघतोय. आज पहिल्यांदा मनात आलं, घरी का?

२८ सप्टेंबर, गुरुवार

स्टेपलर शोधायला त्याचा ड्रॉवर उघडला. मुद्दाम नाही. आत महाप्याच्या एका कंपनीचं पत्र. आपली निवड झाली आहे, एक सप्टेंबरला हजर व्हावे. पगाराचा आकडा मी लिहीत नाही, डायरीला लाज वाटेल.

म्हणजे याची दुसरीकडे सोय झालेली आहे. मला एका शब्दाने बोलला नाही. आपण समजत होतो की दोघं एका नावेत बसलोय, आणि याची दुसरी नाव काठाला बांधून तयार.

परवा तो आईला घेऊन नागपूरला जाणार. यंदा दीक्षेला पन्नास वर्षं होतात, लाखो लोक जमणार. मी म्हटलं, ऐन सीझनमध्ये? म्हणाला, “आईने वर्षभर आधी सांगून ठेवलंय रे. पाच तारखेला मी इथे असेन. मशीनला हात लावायची गरजच पडणार नाही.” हात लावू नको, असंच म्हणायचं होतं त्याला.

२ ऑक्टोबर, सोमवार, दसरा

सकाळी बाबांना घेऊन ऑफिसात गेलो. दसऱ्याला अवजारांची पूजा. आजोबा नांगराची करायचे, बाबा कारखान्यात लेथची करायचे. मी सर्व्हरला हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, वारा आत जाणारी जाळी मोकळी ठेवून. खाली जीन्सवाल्यांनीही शिलाई मशिनी सजवल्या होत्या.

नारळ फोडून झाल्यावर बाबा मशीनसमोर खुर्ची ओढून बसले.

“यो डबा कोनाचा?”

“आपला.”

“आनि आतला?”

“आतलं पण आपलंच.”

“कागुद हाय?”

“यात कागद नसतो, बाबा.”

“मंग नाव कोनाचा लागलाय ता बघ. माज्या भावानी पन मना असाच सांगला व्हता, आपलाच हाय म्हनून.”

मला हसू आलं. त्यांच्या समाधानासाठी म्हणून बघायला बसलो. आमचं मशीन लिनक्सवर चालतं, त्यात फोल्डरातली यादी मागितली की प्रत्येक ओळीवर मालकाचं नाव येतं. व्हारमध्ये गेलो, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूमध्ये गेलो. एचटीएमएल आहे, पण त्याच्यापुढे बाण. बाण होमकडे, होममध्ये ‘सम्यक’ नावाचं फोल्डर, त्याच्या आत आमची अख्खी साइट. दोन हजारांवर फोटो. प्रत्येक ओळीवर मालक: सम्यक. सम्यक. सम्यक. स्क्रीन खाली सरकवत गेलो, नाव संपेना. माझं नाव कुठेही नाही.

सातबाराच तो. फक्त तलाठ्याचा शिक्का तेवढा नव्हता.

बाबा मागे उभे होते. त्यांना इंग्रजी येत नाही, पण सगळ्या ओळींत एकच शब्द आहे एवढं त्यांना दिसलं. विचारलं, “तुजा हाय काय ता?” मी यादी पुन्हा वरून खाली सरकवली. ते म्हणाले, “चल, सोना वाटायचा हाय.” आणि एकटेच जिना उतरून गेले. पाठीमागून ते मला काकाच्या दारातून परत आले होते त्या दिवसासारखे दिसले. तेव्हा मी सातवीत होतो.

दुधाने तोंड पोळलेला ताक फुंकून पितो, म्हणतात. मी दूधच फुंकलं नाही.

पण मी काही आंधळेपणाने केलं नाही. आधी लिनक्सचं पुस्तक काढलं. जसंच्या तसं कॉपी करायची कमांड त्यात आहे. व्हारमधलं एचटीएमएल माझ्या फोल्डरात कॉपी केलं. डोळ्यांची पापणी लवायच्या आत झालं. लिनक्स वेगवान म्हणतात ते खोटं नाही. उघडून बघितलं, सगळे फोटो दिसले, अगदी शेवटच्या पॅन्टीपर्यंत. मग युझरांच्या यादीत गेलो, सम्यकचं नाव निवडलं आणि काढून टाक म्हटलं. मशीनने विचारलं, याचं होम फोल्डरही काढू का? ‘हो’ची खूण मशीनने आधीच करून ठेवली होती. मी हो म्हटलं.

याला मात्र बराच वेळ लागला. इतका वेळ काय पुसत होतं कोण जाणे.

संध्याकाळी, घरून

साइट उघडत नाही. ऑफिसातून निघताना बघितलं, माझ्या फोल्डरातली कॉपीही उघडत नव्हती. दुपारी होती. सम्यकने काहीतरी करून ठेवलं असणार, त्याचं नाव काढलं की सगळं बंद पडावं असं. त्याशिवाय कसं होईल?

आपट्याची पानं द्यायला सगळे येऊन गेले. रोहिदास पण. म्हणाला, “काय इंजिनियर, कसा काय धंदा?” मी म्हटलं, जोरात.

३ ऑक्टोबर, मंगळवार

हासानंदशेठचे सकाळपासून सात फोन. इंदूरवाला व्यापारी साइट उघडून बसलाय आणि त्याला कोरं पान दिसतंय. “बेटा, दिवाली सिर पे है. एक सौ चालीस लोग मेरा गला पकड़ेंगे.” मी सांगितलं, मशीनचं काम चालू आहे.

सम्यकचा फोन लागत नाही. तिथे लाखो माणसं, नेटवर्क कुठून मिळणार. निदान फोन मुद्दाम बंद केला आहे असं मी समजत नाही. मी इतका वाईट नाही.

५ ऑक्टोबर, गुरुवार

सम्यक आला तो थेट स्टेशनवरूनच, खांद्याला पिशवी. माझ्यासाठी संत्र्याची बर्फी आणली होती. लॉगिन करायला बसला, झालं नाही. पुन्हा केलं.

“अल्पेश, माझा युझर कुठेय?”

मी तयारी करून ठेवली होती. म्हटलं, आधी तू सांग. अख्खी साइट तुझ्या नावावर कशी? सीडी दर शनिवारी तुझ्या घरी का? महाप्याचं पत्र ड्रॉवरमध्ये का? एकेक करून सगळं बोललो. माझा आवाज वाढला तसा केबलवाला दारात येऊन उभा राहिला.

सम्यकने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. माझं संपल्यावर म्हणाला, “जागा होममध्ये होती म्हणून होममध्ये ठेवलं. मी ठेवलं म्हणून माझं नाव लागलं. मशीन लावतं ते, मी नाही लावत. तुला सांगितलं होतं. तू फोनवर होतास.” मग म्हणाला, “सीडी इथे ठेवायच्या आणि खाली कारखान्यातल्या कापडाला आग लागली तर? मशीन आणि सीडी दोन्ही जातील.”

“आणि कॉपी? मी कॉपी काढली होती. उघडून बघितली होती.”

त्याने स्क्रीनकडे बघितलं आणि पहिल्यांदा त्याचा चेहरा उतरला. “तू चिठ्ठीची झेरॉक्स काढलीस यार. दुकान होतं तोवर झेरॉक्सवरचा पत्ताही खरा होता. मग तू दुकानच पाडलंस.”

पत्राबद्दल तो काहीच बोलला नाही. म्हणजे पत्राला उत्तर नव्हतं.

त्याने घरून सीडी आणल्या आणि भरायला बसला. मी म्हटलं, या वेळी पुस्तकात दिलेल्या जागीच ठेवायचं, व्हारमध्ये, आणि नाव माझं लावायचं. तो म्हणाला, “नाव लावतो. पण जागा पुरणार नाही.” मी म्हटलं, ठेव. बर्फीचा खोका तसाच टेबलावर राहिला.

७ ऑक्टोबर, शनिवार

साइट चालू झाली. शेवटच्या आठवड्याचे फोटो गेले ते गेले, सीडी त्याआधीची होती. तो माल गाड्यांत भरून रवाना झालाय, पुन्हा फोटो काढायला शिल्लक नाही. त्या अकरा कारखानेवाल्यांनी मंडळात तमाशा केला. बाकीच्यांचे फोटो सम्यकने लहान करून बसवले.

दुपारी त्याने मला बोलावून यादी दाखवली. सगळ्या ओळींवर अल्पेश. मशीनचा नवा पासवर्ड एका कागदावर लिहून दिला. मी कागद मागितला नव्हता.

“आता तुझ्या नावावर आहे सगळं,” म्हणाला. “दोनेक आठवडे चालेल, मग जागा संपेल. तेव्हा होममध्ये हलव, चिठ्ठी ठेव. कसं ते लिहिलंय मागे.”

मी विचारलं, तू कुठे चाललास? त्याने पिशवी उचलली. “आपल्यात कधी असलं काही नव्हतं ना, अल्पेश? मला तसंच वाटायचं.” आणि उतरून गेला. मी थांब म्हणणार होतो. खरंच म्हणणार होतो. पण मग चूक माझी होती असा अर्थ झाला असता, आणि तो त्याला आयुष्यभर पुरला असता.

बाबांना सांगितलं, आता सगळं माझ्या नावावर आहे. किती दिवसांनी ते पोटभर जेवले.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

कालपासून साइटवर नवीन फोटो चढत नाही. आज साइटही बंद. डिस्क भरली असं मशीन सांगतं. सम्यकच्या कागदामागचं तीनदा वाचलं. पहिलीच ओळ चालवायला हात धजावला नाही. हलवताना पुन्हा सगळं गेलं तर? पुन्हा सीडी घेऊन कोण येणार?

परवा लक्ष्मीपूजन. हासानंदशेठ स्वतः जिना चढून आले, हाफत. खुर्चीतही बसले नाहीत. “वो दूसरा लड़का किधर है?” मी म्हटलं, छोड़ के गया. ते म्हणाले, “गया कि निकाला?” सिंधी माणूस, साठ वर्षं दुकानात बसलेला, त्याला काय सांगणार.

तिथून अंबरनाथला गेलो. सम्यक घरी नव्हता. त्याच्या आईने, जनाबाईंनी, दार उघडलं. “जय भीम. ये की, बस. जेवलास का?” न विचारताच ताट वाढलं आणि स्वतःही माझ्याच बाजूला ताट घेऊन बसल्या. मी विचारलं, मावशी, सम्यक?

“महाप्याला लागला ना. सोमवारपासून. त्यांनी आधी बोलावलं तेव्हा हा नाही म्हणाला होता. म्हणाला, अल्पेश एकटा पडेल. आता पुन्हा विचारायला गेला, तर कमी पगारात घेतलं.” भात वाढता वाढता म्हणाल्या, “तुमचं काय झालं ते तो सांगत नाही. तू तरी सांग.”

एक सप्टेंबर. पत्रात तारीख होती. मी अठ्ठावीस तारखेला वाचलं आणि इथेच लिहूनही ठेवलं. आज मागची पानं उलटून बघितलं, माझंच अक्षर आहे.

मावशींना म्हटलं, काही नाही, काम कमी झालं. त्या म्हणाल्या, होतं असं. ताट पूर्ण संपवलं. ते टाकून उठलो असतो तर त्यांनी काय समजायचं?

२० नोव्हेंबर, सोमवार

मंडळाने काम कल्याणच्या कोणाला तरी दिलं. खोलीला कुलूप आहे. सम्यकला तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा वाजायच्या आत तोडला. त्यानेही तेव्हाच पत्राचं सांगायला काय झालं होतं? एवढं तोंड उघडलं असतं तर मी काय ऐकलं नसतं? हा प्रश्न मी रोज लिहितो आणि रोज खोडतो. आज तसाच ठेवतो.

आठवडा झाला, रोहिदासच्या ऑफिसात बसतो. काकाच्या तसबिरीखालचं टेबल मिळालंय. गावातल्या त्या चौघांनी काही विचारलं नाही, हे त्यांचे उपकार. काम सोपं आहे. पालेगावच्या जमिनींचे सातबारे येतात, नावं तपासायची, कोणाचं चढलंय, कोणाचं राहिलंय ते सांगायचं. आज एका म्हाताऱ्याचं नाव त्याच्याच जमिनीवर चढायचं राहिलेलं मला दिसलं. अंगठा उठवायला तो बाहेर बाकावर बसला होता. मी रोहिदासला दाखवलं. तो हसला, कागद उलटा ठेवला आणि बाहेरच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “आमच्या अल्पेशची नजर बघा. नाव कोनाचं, एका फटक्यात ओळखतो.”

म्हातारा माझ्याकडे बघून कौतुकाने हसला. मी पुढचा कागद घेतला.